जसंच्या तसं

हातवालीचा हात मोडला तो अगदी साध्या कारणानं. पंख्यावरची धूळ पुसायला ती स्टुलावर चढली, स्टूल एका पायानं लंगडं आहे हे विसरली, आणि पुढच्या क्षणी फरशीवर बसून उजव्या मनगटाकडे बघत राहिली. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. दुखायला लागायच्या आधी तिच्या मनात एवढंच आलं की आता रविवारचं कसं होणार.

चर्चच्या मंडळीतले लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि माघारी हातवाली. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. गेली चौदा वर्षं दर रविवारी ती चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या डाव्या बाजूला दोन पावलं मागे उभी राहायची आणि ते जे बोलत ते हातांनी सांगायची. सांगायची ती एकाच माणसाला. पहिल्या बाकावर, खिडकीशी बसणाऱ्या सुताराला. तो जन्मापासून बहिरा होता. चर्चमधले सगळे बाक त्यानंच बनवले होते, आणि गाणं सुरू झालं की तो तळहात बाकावर ठेवून डोळे मिटायचा. पेटीचा आवाज लाकडातून त्याच्या हातात उतरायचा. कोणतं गाणं चाललंय हे तो बरोबर ओळखायचा, कधीकधी गाणाऱ्यांच्या आधी.

हातवालीला ही भाषा शिकावी लागली नव्हती. तिचे आईवडील दोघंही बहिरे. त्यांच्या घरात कुजबुजायचं म्हणजे हात छातीजवळ धरून बोटं लहान हलवायची, आणि ओरडायचं म्हणजे पाय आपटून जमीन हादरवायची. लहानपणी ती झोपेतही बोटं हलवायची आणि आई शेजारी बसून तिची स्वप्नं वाचायची. प्रार्थनाही आईनंच शिकवली. देवाला कान आहेत की नाहीत याची आईला खात्री नव्हती, पण डोळे आहेत याची होती. ‘उजेडात कर,’ आई म्हणायची, ‘त्याला दिसली पाहिजे.’ म्हणून अजूनही, पन्नाशी ओलांडल्यावरही, हातवाली सकाळी खिडकीचा पडदा सारून, उन्हात दोन्ही हात धरून प्रार्थना करायची. दिवसभर बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची, संध्याकाळी मंडळीतल्या आजाऱ्यांकडे जाऊन बसायची. लग्न केलं नव्हतं. बहीण गेल्यावर तिच्या मुलीला वाढवलं होतं. प्रभूच्या मागे चालायचं म्हणजे काय असं तिला कुणी विचारलं असतं तर ती गोंधळली असती. चालत होती, एवढंच तिला माहीत होतं.

आणि तिची एक गोष्ट होती, जी कुणालाच माहीत नव्हती.

चौदा वर्षांपूर्वी सुतार बाप्तिस्मा घ्यायच्या विचारात होता. त्याआधी वर्षभर तो चर्चचे बाक बनवायला यायचा, मग प्रवचन ‘बघायला’ यायला लागला. एका दुपारी तो, ती आणि पाळकसाहेब चर्चमागच्या खोलीत बसले होते. टेबलावर उन्हाचा चौकोन पडला होता आणि त्यात तीन कप निवत होते. सुतारानं हातांनी विचारलं, ‘माझी आई जन्मभर मला सांभाळत राहिली. तिनं तुमच्या प्रभूचं नावही कधी ऐकलं नाही. ती गेली. आता ती कुठे आहे?’

हातवालीनं ते आवाजात सांगितलं. पाळकसाहेबांनी कप हातात घेतला, तसाच परत ठेवला. ते उथळ माणूस नव्हते. शेवटी म्हणाले, “जिनं प्रभूला ओळखलं नाही ती त्याच्या घराबाहेर आहे. हे सांगताना मला त्रास होतो. पण शास्त्र मी बदलू शकत नाही.”

सुताराची नजर तिच्या हातांवर खिळली होती. हात उचलले गेले. आणि हातांनी सांगितलं, ‘ती देवाच्या घरात आहे. देव तिला ओळखतो.’

तिनं ठरवलं नव्हतं. निदान तिला तसं आठवत नव्हतं. पाण्यात पाय घसरावा तसे हात घसरले, एवढंच तिला आठवायचं. सुताराचा चेहरा उजळला. तो उठला आणि पाळकसाहेबांचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत धरला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. खोलीत तिघं होते, तिघंही हेलावले होते, आणि नेमकं कशानं ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. दोन आठवड्यांनी सुताराचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर हातांना सवयच लागली. पाळकसाहेबांचा स्वभाव कडक, प्रवचन त्याहून कडक. ते ‘राग’ म्हणाले की तिचे हात ‘दुःख’ म्हणायचे. ते ‘शिक्षा’ म्हणाले की हात ‘वाट बघणं’ म्हणायचे. सुतार मान डोलवायचा. रविवारी दुपारी घरी येऊन ती जेवून आडवी व्हायची तेव्हा कधी मनाला टोचायचं. मग ती स्वतःला समजवायची की आपण प्रभूचीच बाजू घेतो आहोत. आणि झोप लागायची.

तर असा तो हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. “बाकीच्यांचा घसा बसतो, माझा मोडला,” असं ती भेटायला येणाऱ्यांना सांगायची, आणि लोक हसायचे.

रविवारी उभी राहिली भाची. चोवीस वर्षांची, दवाखान्यात दुभाषी म्हणून नोकरी, परीक्षेत पहिली आलेली. मावशीच्या मानानं तिचे हात झरझर चालायचे आणि एकेक खूण छापल्यासारखी नीट यायची. पहिल्याच दिवशी निघताना ती म्हणाली, “मावशी, मला प्रवचनाचा मजकूर आधी मिळेल का? मला काही गाळायचं नाही.”

“गाळलं तर काय होतं?” हातवालीनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“म्हणजे काय? दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की आठ दिवस उरलेत, तर मला आठ दिवसच सांगावे लागतात. बरं वाटावं म्हणून महिना सांगितला तर त्या माणसाचे ते आठ दिवसही मीच बुडवले की.”

हातवालीनं चप्पल पायात सरकवली. प्लास्टरमध्ये मनगट खाजत होतं.

चौदा वर्षांत पहिल्यांदाच ती बाकावर बसून उपासना बघत होती. सगळं लांबचं आणि मऊ वाटत होतं. त्यात दुखण्यावरच्या गोळ्यांचाही हात असावा. उंच खिडक्यांतून ऊन तिरकं यायचं, त्यात धुळीचे कण वर वर जात राहायचे, पाळकसाहेबांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा, आणि त्या सगळ्यात भाचीचे दोन हात पांढऱ्या पाखरांसारखे फिरत राहायचे. दोन रविवार तसेच गेले.

तिसऱ्या रविवारी प्रवचन होतं आत आणि बाहेर कोण, यावर. पाळकसाहेब त्या दिवशी रंगात होते. ज्यांनी प्रभूला ओळखलं नाही ते बाहेर राहिले, ते म्हणाले, आणि आपले म्हणून कुणालाही सवलत मिळत नाही, आई असो, बाप असो.

भाचीच्या हातांनी ते स्वच्छ सांगितलं. आई. बाहेर.

सुतारानं एकदा पाळकसाहेबांकडे बघितलं. मग सावकाश मान वळवून मधल्या वाटेपलीकडे, हातवालीकडे. त्यानं मांडीवरच हात धरून लहानशी खूण केली. ‘खरं?’

तिनं डोळे खाली घातले. हातांनी बोलणाऱ्यांच्यात नजर काढून घेणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर कानात बोटं घालणं. हे तिला जितकं ठाऊक होतं तितकंच त्याला.

मंगळवारी सकाळी ती त्याच्या कारखान्यात गेली. दाराशी घंटेची कळ होती, ती दाबली की आत दिवा लागायचा. दिवा लागला, विझला, आणि सुतारानं वर बघितलं. तो खुर्चीच्या पाठीला रंधा मारत होता. पायाशी लाकडाचे पातळ, गुंडाळलेले छिलके पडले होते आणि त्यांच्यातून ऊन आरपार जात होतं. सरस शिजत ठेवल्याचा वास येत होता.

हातांच्या भाषेत तू आणि तुम्ही वेगळे नसतात. समोर बोट दाखवलं की झालं. सुतारानं बोट दाखवलं.

‘तुझ्या भाचीनं रविवारी चूक केली का?’

‘नाही.’

‘मग पाळकांचं मत बदललं?’

‘नाही. ते आधीपासून हेच म्हणतात.’ एका डाव्या हातानं ती बोलत होती, आणि लहान मुलासारखं बोबडं होत होतं.

सुतारानं रंधा बाजूला ठेवला. ‘त्या दिवशी मागच्या खोलीत ते काय म्हणाले होते?’

तिनं सांगितलं. एका हातानं ते सांगायला फार वेळ लागला. मध्येच एक खूण त्याला कळली नाही, ती पुन्हा करून दाखवावी लागली. ती खूण नेमकी ‘बाहेर’ हीच होती.

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. राग दिसत नव्हता. एखाद्या फळीत कीड लागलीये की नुसता डाग आहे हे बघताना तो असाच बघायचा.

‘मग मी कुणाचं ऐकून पाण्यात उतरलो? त्यांचं की तुझं?’

‘मला वाटलं, खरं सांगितलं तर तू परत जाशील.’

‘गेलो असतो,’ तो म्हणाला. ‘कदाचित पुन्हा आलोही असतो. पण ते माझं मी ठरवायचं होतं.’

मग त्यानं रंधा उचलला आणि नजर लाकडावर नेली. आता तिनं दिवा शंभर वेळा पेटवला असता तरी उपयोग नव्हता. ती थोडा वेळ उभी राहिली. रंध्याखालून एक लांब छिलका वळत वळत बाहेर आला आणि तिच्या चपलेवर पडला. मग ती निघाली.

पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर कुणी नव्हतं. भाचीनं पहिलं गाणं होईपर्यंत हात उचललेले ठेवले, मग ते खाली सोडले आणि मावशीशेजारी येऊन बसली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच.

ते दिवस हातवालीला धड दिवसांसारखे वाटलेच नाहीत. शाळेतून रजा होती. भाची कामावर गेली की ती खिडकीशी पडून राहायची आणि गोळीच्या गुंगीत झोप कधी लागली, कधी मोडली ते कळायचं नाही. एक स्वप्न परत परत पडायचं. आई काचेपलीकडे उभी आहे आणि हातांनी भराभरा काही सांगते आहे. काचेवर वाफ धरली आहे. हातवाली बाहीनं काच पुसते, पुसतच राहते, आणि मग लक्षात येतं की वाफ पलीकडच्या बाजूनं आहे. आई सांगत राहते. जागी झाल्यावर खोलीभर तसाच धुरकट उजेड असायचा, आणि आपण झोपेतून बाहेर आलोय की आणखी आत गेलोय, हे तिला क्षणभर कळायचं नाही.

प्रार्थनाही जमेना. एका हातानं केली की अर्धीच झाल्यासारखी वाटायची. एका सकाळी तिनं तोंडानं करून बघितली. “प्रभू,” ती मोठ्यानं म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजानं दचकली. घरात कुणी परकी बाई येऊन बोलली असं वाटलं. ती तिथेच थांबली. इतकी वर्षं आपण देवाला सांभाळत होतो, तिच्या मनात आलं. तो कुणाला कठोर वाटू नये म्हणून त्याच्या पुढे उभ्या राहून त्याला झाकत होतो. त्यानं कधी तसं सांगितलं होतं का? आणि ज्याच्यावर आपला इतका विश्वास, त्याच्यावर सुताराला सोपवायचा धीर मात्र आपल्याला झाला नाही.

त्याच दुपारी ती पाळकसाहेबांकडे गेली.

ते चर्चमागच्या खोलीत टेबलाशी बसून प्रवचन लिहीत होते. आता त्यांचे केस पांढरे झाले होते आणि चष्मा जाड. टेबल तेच होतं. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि हातातल्या लेखणीचं टोपण लावत होते, काढत होते.

“तुम्ही खोटं बोललात, बाई,” ते म्हणाले.

“हो.”

“माझ्या नावावर.”

“हो. आणि प्रभूच्याही.”

ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच बोलले. “त्या दिवशी तो हसला होता. एवढं कठीण उत्तर ऐकून माझा हात धरला होता त्यानं. मी ती गोष्ट सात मंडळ्यांमध्ये सांगितली आहे. विश्वास कसा असावा, तर त्या माणसासारखा, आईबद्दल तसं ऐकूनही हसत आलेला. माझी स्वतःची श्रद्धा डळमळली तेव्हा त्याचा तो चेहरा मी आठवायचो.” थोड्या वेळानं म्हणाले, “तो दुसऱ्याच उत्तराला हसत होता.”

हातवालीला या गोष्टीची कल्पना नव्हती.

“आणि बाकीची प्रवचनं?” ते वळून म्हणाले. “त्यांचं काय केलंत?”

“तुम्ही रागावलात की मी दुःख सांगायचे.”

“म्हणजे चौदा वर्षं त्याच्या लेखी मी एक फार दुःखी माणूस होतो.”

“हो,” ती म्हणाली. मग न राहवून, “त्याला तुमची काळजी वाटायची. एकदा त्यानं मला विचारलं होतं, पाळकांच्या घरी सगळं ठीक आहे ना.”

पाळकसाहेबांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की नाही ते तिला कळलं नाही. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे चोळले.

“तुम्हाला इथून काढून टाकावं असं मला आत्ता वाटतंय,” ते म्हणाले. “पण ते मी ठरवायचं नाही. त्याला विचारा. तो म्हणेल तसं.”

सहाव्या आठवड्यात प्लास्टर कापलं. आतून निघालेला हात बारीक, पांढरट आणि कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा दिसत होता. त्याला विचारायला जायचं धैर्य गोळा करण्यात तिचे आणखी तीन दिवस गेले, आणि चौथ्या दिवशी सुतारच दारात उभा राहिला. भाचीनं त्याला आत घेतलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

सुतारानं बसायच्या आधी हातवालीचं मनगट हातात घेतलं, अंगठ्यानं इकडेतिकडे दाबून पाहिलं, आणि म्हणाला, ‘अजून ओलं आहे. आणखी वाळू दे.’

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. तो ते संपेपर्यंत थांबला.

‘रविवारी तू उभी राहा,’ तो म्हणाला.

‘भाची माझ्यापेक्षा चांगलं सांगते.’

‘भाची बरोबर सांगते. पण तिचे हात पुस्तकातले आहेत. तुझे मला घरचे वाटतात. फक्त आता जसंच्या तसं. एक खिळाही जास्त नको.’

‘ते कठीण बोलले तर?’

‘तर कठीण सांग. मी काही काचेचा नाही.’

तो दोन आठवडे कुठे होता हे तिनं विचारलं. कारखान्यातच होतो, तो म्हणाला. खुर्च्या करत होतो. करता करता प्रार्थनाही करत होतो, कारण सवय जाईना. ‘मला वाटलं होतं, तुझं उत्तर खोटं निघालं तर सगळंच निखळेल. दोन आठवडे हलवून बघितलं. थोडं निखळलं, थोडं राहिलं. जे राहिलं ते तुझ्या हातांमुळे नव्हतं.’

त्या रविवारी हातवाली पुन्हा डाव्या बाजूला, दोन पावलं मागे उभी राहिली. मनगट दुखत होतं. ऊन त्याच तिरक्या वाटेनं आत येत होतं, आणि इतक्या दिवसांच्या गुंगीनंतर प्रत्येक वस्तूची कड तिला स्वच्छ दिसत होती. सुतार खिडकीशी होता.

पाळकसाहेबांनी प्रवचनाला तोच विषय घेतला. तिला वाटलं होतं, आता ते तो टाळतील. त्यांनी टाळला नाही. उलट आधी एकदा तिच्याकडे बघितलं, जणू तयार आहात ना असं विचारत. मग शांतपणे, नेहमीचा चढा सूर न लावता, ते म्हणाले की शास्त्रात मी असं वाचतो, ज्यांनी त्याला ओळखलं नाही ते बाहेर राहतात, आणि हे मी माझ्या पदरचं काही न घालता सांगतो आहे.

तिचे हात जड झाले. ‘बाहेर’ची खूण करताना दुखऱ्या मनगटातून कळ गेली. पण तिनं ती पूर्ण केली, अर्धवट सोडली नाही, आणि नजर सुताराच्या नजरेत ठेवली.

सुतारानं हात वर केला.

असं कधीच झालं नव्हतं. प्रवचन चालू असताना कुणी हात वर करत नाही. पाळकसाहेब थांबले. सुतार उभा राहिला आणि बोलू लागला. हातवालीच्या लक्षात आलं की आता तिला आवाजात सांगावं लागणार. चौदा वर्षं या जागेवरून शब्द एकाच दिशेला गेले होते. त्यानं काही विचारावं आणि सगळ्यांनी ऐकावं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, तिच्यासुद्धा.

“मी विचारतो आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. बाकांवरचे लोक चमकले, कारण तिथून तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता. “चौदा वर्षांपूर्वी मी पाळकांना विचारलं होतं की माझी आई कुठे आहे. त्यांचं उत्तर माझ्यापर्यंत आलं नाही. दुसरंच आलं. म्हणून पुन्हा विचारतो. तुम्ही शास्त्रात काय वाचता ते आत्ता कळलं. माझी आई कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे का?”

पंखे फिरत होते. मागे कुणीतरी खोकलं आणि खोकला गिळला.

पाळकसाहेब पायऱ्या उतरून खाली आले, त्याच्या बाकासमोर. बराच वेळ गेला. हातवालीचे हात अर्धवट उचललेले होते, आणि त्या रिकाम्या वेळात तिला वाटलं की आता काहीही सांगता येईल. एक खूण. त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडेल अशी एक खूण. हातांना ती पाठ होती.

“मला माहीत नाही,” पाळकसाहेब म्हणाले.

मला. माहीत. नाही. तिच्या हातांनी एवढंच सांगितलं, आणि थांबले.

सुतारानं मान हलवली. तो विचार करत होता. मग त्याचे हात उठले, आणि ती त्यांच्यामागून बोलत गेली, आपल्या तोंडात त्याचा ‘मी’ घेऊन.

“मलाही माहीत नाही. मग मी इथेच बसतो. मी ज्याच्या मागे निघालो आहे तो भेटला की मीच त्याला विचारेन. त्याचं उत्तर पटलं नाही तर भांडेन त्याच्याशी. पण मागे फिरणार नाही. आईनंही मला कधी अर्ध्यात सोडलं नव्हतं.”

आणि तो बसला. त्यानं हात बाकावर ठेवला, जणू आता गाणं सुरू करा. पेटीवाल्या बाईंना काही सुचेना. त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब सुताराशेजारी, पहिल्या बाकावरच बसले होते. शेवटी त्यांनी मान हलवली आणि बाईंनी सुरुवात केली, दोन सूर चुकून. पाळकसाहेबांनीही तळहात बाकावर टेकवला. हातवाली वरून बघत होती. त्यांना लाकडातून काही कळत होतं की नाही कुणास ठाऊक, पण त्यांनी डोळे मिटले होते.

नंतर मंडळीत बोलणं व्हायचं ते झालंच. काहींना ते सगळं आवडलं नाही. दोन घरं दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागली. हातवालीनं सगळ्यांसमोर उभं राहून आपण काय केलं ते एकदा सांगितलं, भाचीनं ते हातांनी सांगितलं, आणि त्यावर कुणी फार चर्चा केली नाही. सुतारानं तिला माफ केलं असं कधी म्हटलं नाही. फक्त रविवारी बाहेर पडताना तो आता तिला विचारायचा, ‘हे झालं त्यांचं. आता तुझं सांग.’ मग ती आवाराच्या भिंतीशी टेकून तिला काय वाटतं ते सांगायची, तिचं म्हणून. कधी त्याला पटायचं, कधी नाही. त्यांचे वाद इतके लांबायचे की भाची कंटाळून एकटीच घरी जायची.

पाळकसाहेब बुधवारी दुपारी हातवालीच्या शाळेत यायला लागले. मुलं घरी गेल्यावर, लहानशा बाकावर गुडघे वर करून बसायचे आणि खुणा शिकायचे. त्यांची बोटं म्हातारपणानं आखडली होती आणि डोकं बोटांपेक्षाही हट्टी होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या गांभीर्यानं सुताराला देवाचा आशीर्वाद दिला, आणि सुतार पोट धरून हसला, कारण त्यांच्या हातांनी प्रत्यक्षात त्याला ओला टॉवेल दिला होता.

एका बुधवारी सुतारही आला होता. खिडक्यांवर संध्याकाळचा पिवळा उजेड होता, फळ्यावर मुलांनी काढलेली बदकं तशीच होती. पाळकसाहेबांनी अडखळत, एकेक खूण जुळवत विचारलं, ‘तुझ्या आईचं नाव काय?’

बहिऱ्या घरांमध्ये माणसाला अक्षरांचं नाव असतं आणि शिवाय हातांचं एक. सुतारानं अक्षरांचं सांगितलं नाही. त्यानं उजव्या हाताची दोन बोटं हनुवटीखाली नेली आणि हळूच बाहेर उघडली, फुंकर मारल्यासारखी. ती चूल फुंकताना असंच करायची, तो म्हणाला, म्हणून लहानपणी मीच ठेवलं.

पाळकसाहेबांनी करून बघितलं. बोटं नीट उघडेनात. हातवाली सांगायला पुढे झाली, पण सुतारानं तिला थांबवलं, स्वतः त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला, त्यांची दोन बोटं धरली आणि हनुवटीखाली नेऊन ठेवली. ‘पुन्हा,’ तो म्हणाला. त्यांनी पुन्हा केलं.